चार पेन्सांत काय काय बसतं?

१५ जुलै १९१२ च्या सोमवारपासून ब्रिटनमधल्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून ४ पेन्स कापले जाऊ लागले. मालकाने त्यात स्वतःचे ३ पेन्स घालायचे, तेवढ्या किमतीचं तिकीट आणायचं आणि कामगाराच्या कार्डावर चिकटवायचं, असा नियम होता. वरचे २ पेन्स सरकारी तिजोरीतून यायचे. अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी ही सगळी योजना एका घोषणेत बसवली होती: ४ पेन्स द्या आणि ९ पेन्सांचं घ्या. तेव्हा १२ पेन्सांचा एक शिलिंग होता, २० शिलिंगांचा एक पौंड. बदल्यात मिळणार होतं ते असं: आजारी पडलेल्या पुरुषाला चौथ्या दिवसापासून आठवड्याला १० शिलिंग, २६ आठवड्यांपर्यंत, त्यानंतरही अंथरूण सुटलं नाही तर ५ शिलिंग, डॉक्टर आणि औषध, क्षय झाला तर सॅनेटोरियम, आणि बाळंतपणाला ३० शिलिंग.

यादीत काय ठेवायचं हे कोणत्याही विमा कंपनीच्या हातात नव्हतं. संसदेने १९११ च्या नॅशनल इन्शुरन्स कायद्यात ती लिहूनच ठेवली होती. आपल्याकडे पॉलिसी घेताना पडणारा प्रश्न ब्रिटनने तेव्हा देशाच्या पातळीवर स्वतःला विचारला. अमुक लाभ दिलाच पाहिजे असं सरकारने सांगितलं, तर हप्ता किती वाढतो? वाढलेला भार नेमका कोणाच्या खिशातून जातो? आणि त्यामुळे विम्याच्या आत माणसं येतात की बाहेर पडतात? ही योजना ३६ वर्षं चालली. कायद्याची यादी, ठरवलेला हप्ता आणि खरीखुरी माणसं एकत्र आली की काय घडतं, याचा इतका लांब आणि इतका तपशीलवार नोंदलेला अनुभव फार थोड्या देशांकडे आहे. म्हणून या प्रकरणात आपण तो सावकाश पाहणार आहोत.

त्याआधीही ब्रिटनमध्ये कामगारांचा विमा होताच. ऑडफेलोज, फॉरेस्टर्स अशा नावांच्या फ्रेंडली सोसायट्या होत्या. चांगली कमाई असलेला कारागीर तिथे वर्गणी भरायचा, आजारपणात भत्ता घ्यायचा. पण सोसायटी वयानुसार वर्गणी ठरवायची आणि तब्येत पाहून माणूस घ्यायची. चाळिशीतल्या खोकणाऱ्या हमालाला तिथे जागा नव्हती. ज्याला विम्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत महाग किंवा अजिबात नाही. लॉइड जॉर्ज १९०८ मध्ये जर्मनीला गेले आणि बिस्मार्कने १८८३ पासून चालवलेला सक्तीचा आजारविमा त्यांनी पाहिला. पुढे डब्ल्यू. जे. ब्रेथवेट या तरुण अधिकाऱ्याला त्यांनी त्या योजनेच्या अभ्यासाला पाठवलं. जानेवारी १९११ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे समुद्रकिनारी बसून ब्रेथवेट यांनी त्यांना विम्याचं गणित समजावून दिलं.

त्या गणितात एक मोठी अडचण होती. सगळ्यांना एकच हप्ता लावायचा तर तो कोणत्या वयाच्या हिशेबाने? सोळाव्या वर्षी विम्यात शिरणारा मुलगा पुढची कित्येक वर्षं फारसा आजारी पडणार नाही; त्याचे पैसे साठत राहतील. पन्नाशीचा गडी मात्र पहिल्या वर्षापासून घेऊ लागेल. कायद्याने हप्ता सोळा वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने ठरवला आणि तोच सगळ्यांना लावला. मग वयस्कांच्या बाबतीत जी तूट येणार, ती भरून काढण्यासाठी त्यांच्या नावावर कागदोपत्री राखीव रक्कम मांडली. ती रक्कम प्रत्यक्षात आणण्यासाठी प्रत्येकाच्या वर्गणीतला एक छोटा हिस्सा वर्षानुवर्षं बाजूला काढला गेला. म्हणजे तरुणांनी वयस्कांचा भार उचलला, आणि तोही कोणाला स्वतंत्रपणे जाणवू न देता. मला हा निर्णय त्या कायद्याचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. विमा ऐच्छिक असता तर तो एक वर्षही टिकला नसता, कारण सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या वाट्याचं ओझं ओळखून बाहेरचा रस्ता धरला असता. सगळे आत बांधलेले होते म्हणूनच एकच हप्ता शक्य झाला.

यादीत काय आलं नाही, हेही पाहायला हवं. विधवांना पेन्शन आणि अंत्यविधीचा खर्च ही त्या काळच्या गरीब घरांची मोठी चिंता होती. सरकारी खर्चाने दफन होणं ही कामगार कुटुंबाला मेल्याहून मेल्यासारखी गोष्ट वाटायची, म्हणून पोटाला चिमटा काढून लोक प्रुडेन्शियलसारख्या कंपन्यांच्या एजंटाला दर आठवड्याला पेनी देत. हजारो एजंट दारोदार फिरत, आणि मतदारांच्या उंबरठ्यावर त्यांची रोजची ऊठबस असे. सरकारने हा लाभ फुकट दिला तर त्यांचा धंदाच बसला असता. विधवांची पेन्शन मसुद्यातून गळली, अंत्यविधीचा लाभ आलाच नाही आणि कंपन्यांना स्वतःच्या ‘मान्यताप्राप्त सोसायट्या’ काढून सरकारी योजना चालवण्याची मुभाही मिळाली. दुसरीकडे डॉक्टरांच्या संघटनेने बहिष्काराची धमकी देऊन दरडोई मानधन वाढवून घेतलं. लाभांची सक्तीची यादी ही नेहमी अशीच बनते. गरज मोजून बनलेली यादी मी अजून कुठे पाहिलेली नाही. ज्याचा आवाज पोचतो त्याचा लाभ यादीत जातो.

बाळंतपणाचे ३० शिलिंग हे या नियमाचं चांगल्या बाजूचं उदाहरण. ते यादीत आले त्यामागे विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या कामगार बायकांच्या संघटनेचा आणि तिच्या सरचिटणीस मार्गारेट लूएलिन डेव्हिस यांचा रेटा होता. सुरुवातीला नवऱ्याच्या विम्यावर मिळणारी ही रक्कम नवऱ्याच्या हातात पडे. गिल्डने पुन्हा मोहीम उघडली आणि १९१३ च्या दुरुस्तीने ती आईच्या मालकीची ठरली. हप्त्यात एका पेनीचाही फरक न पडता एका दुरुस्तीने लाभ योग्य माणसापर्यंत पोचला.

बायकांच्या बाबतीत मात्र पुढे जे झालं, ते या सगळ्या अनुभवाच्या मध्यभागी आहे.

कामगार स्त्रीचा हप्ता ३ पेन्स होता आणि आजारभत्ता साडेसात शिलिंग. विमागणितींनी आजारपणाचा अंदाज बांधला तो मुख्यतः मँचेस्टर युनिटी ऑफ ऑडफेलोज या सोसायटीच्या १८९३ ते १८९७ च्या नोंदींवरून. त्या नोंदी पुरुषांच्या होत्या, आणि त्यातही तब्येत तपासून घेतलेल्या, बऱ्या कमाईच्या पुरुषांच्या. लाभ सुरू होऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच बायकांच्या सोसायट्यांत आजारभत्त्याचे दावे अंदाजाच्या पुढे गेले. बायका ढोंग करतात, गरोदरपणाला आजार म्हणवून पैसे घेतात, अशी कुजबुज सुरू झाली. क्लॉड शुस्टर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली आणि १९१४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीवर मेरी मॅकआर्थर होत्या. त्या कामगार स्त्रियांच्या संघटनेच्या नेत्या, आणि त्या संघटनेची स्वतःची विमा सोसायटीही होती, त्यामुळे दावे त्यांच्या रोजच्या परिचयाचे. त्यांनी वेगळी टिप्पणी जोडून स्पष्ट सांगितलं की या बायका खरोखरच आजारी आहेत. कमी पगार, कमी अन्न, लांब पाळ्या आणि लागोपाठची बाळंतपणं यांनी त्या खंगलेल्या आहेत. आजवर डॉक्टर परवडत नव्हता म्हणून दुखणं अंगावर काढलं जात होतं. विमा आला आणि ते कागदावर आलं.

नवा लाभ सक्तीचा झाला की खर्च अंदाजापेक्षा वाढतो, ही तक्रार आजही प्रत्येक विमा कंपनी करते. १९१४ चा अनुभव तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला लावतो. वाढलेला खर्च हा पुष्कळदा आधीपासूनच अस्तित्वात असतो. फक्त तो आजवर रुग्णाच्या शरीराने सोसलेला असतो. विम्याने तो निर्माण केला असं म्हणणं चूक आहे.

पण तो खर्च भरायचा कुणी? इथे योजनेचा कच्चा दुवा उघडा पडला. हप्ता एक, यादी एक, पण पैशाची पेटी एक नव्हती. योजना चालवणाऱ्या शेकडो मान्यताप्राप्त सोसायट्या होत्या आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. सोसायटीला एखाद्याला केवळ वयावरून नाकारता येत नसे, पण इतर कारणांनी नाकारता येत असे. कारकून, शिक्षक, धडधाकट घरकामगार मुली ज्या सोसायटीत गोळा झाल्या तिची पेटी भरत गेली. खाणकामगारांच्या आणि गिरणीतल्या बायकांच्या सोसायट्यांना महिनाअखेर गाठणं कठीण झालं. ज्यांना कुणीच घेतलं नाही, त्यांच्यासाठी पोस्टात खातं होतं. तिथे विमा नावापुरताच होता: स्वतः आणि मालकाने जमा केलेले पैसे संपले की लाभ संपला. सगळ्यांत आजारी माणूस अशा रीतीने पुन्हा एकटा पडला, आणि तेही सक्तीचा हप्ता भरून.

दर पाच वर्षांनी सोसायट्यांचं मूल्यमापन होई. ज्यांच्याकडे शिल्लक निघे त्यांना सभासदांना जादा लाभ द्यायची परवानगी मिळे. दात, चष्मे, वाढीव भत्ता. दोन शेजाऱ्यांनी सारखीच वर्गणी भरली, दोघांच्याही कार्डावर सारखीच तिकिटं. पण एकाला दाताची कवळी मिळाली, दुसऱ्याला नाही, कारण दुसरा खाणीत काम करणाऱ्यांच्या सोसायटीत होता. आणि दात खराब व्हायची शक्यता दुसऱ्याचीच जास्त. १९२४ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने १९२६ च्या अहवालात म्हटलं की या शिलकीचा काही भाग तरी एकत्र करून सगळ्यांत वाटा. अल्पमताने तर सोसायट्याच नकोत असं सांगितलं. ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांचा विरोध उभा राहिला आणि काही घडलं नाही.

उलट १९३२ च्या कायद्याने वेगळाच मार्ग निवडला. तोवर पुरुषाचा आजारभत्ता १५ शिलिंग आणि स्त्रीचा १२ झालेला होता. बायकांचे दावे आवरत नाहीत असं कारण देऊन विवाहित कामगार स्त्रीचा भत्ता १२ वरून १० शिलिंगांवर आणला. पेट्या एकत्र केल्या असत्या तर ज्या तुटीचा भार लाखोंवर पसरून कुणाला जाणवलाही नसता, ती तूट आजारी बाईच्या भत्त्यातून कापून घेतली गेली.

यावरून मला जे म्हणायचं आहे ते इथेच सांगतो. सक्तीच्या लाभांनी हप्ता महागतो, म्हणून लाभ कमी ठेवा, असा युक्तिवाद नेहमी होतो. पण तोच लाभ एका पेटीत महाग पडतो आणि दुसऱ्या पेटीत स्वस्त. फरक पेटीच्या रुंदीचा असतो, आणि दारावर माणसं निवडायची मुभा कुणाला आहे याचा असतो. यादीवर भांडण्याआधी पेटीकडे पाहायला हवं.

आणि पेटीच्या पूर्ण बाहेर राहिलेल्यांचं काय? विमा होता तो पगार कमावणाऱ्याचा. त्याची घर सांभाळणारी बायको आणि मुलं यांना डॉक्टर नव्हता. क्षयाचं सॅनेटोरियम सोडलं तर इस्पितळातला उपचार कुणालाच नव्हता. मार्जरी स्प्रिंग राइस यांनी १९३९ मध्ये ‘वर्किंग-क्लास वाइव्ज’ या पुस्तकात १,२५० कामगार बायकांच्या तब्येतीची पाहणी मांडली. पंडुरोग, दुखरे दात, पायांच्या फुगलेल्या शिरा, बाळंतपणानंतर राहून गेलेली दुखणी. नवऱ्याला विम्याच्या पॅनेलवरचा डॉक्टर होता, पोरांना शाळेतली तपासणी होती. आई मात्र ‘चालायचंच’ म्हणत उभी राहायची. आपल्या घरांतही हे काही परकं नाही.

ब्रिटनमध्ये ही योजना चालू होती त्याच काळात मुंबईतही लाभाचा भार कोणावर टाकायचा हा प्रश्न विचारला जात होता. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेलं प्रसूतिलाभाचं विधेयक फेटाळलं गेलं. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. नॅशनल इन्शुरन्सची तिकिटं कार्डावर चिकटत होती त्याच काळात ते लंडनमध्ये शिकत होते. त्यांच्या भाषणाचा रोख असा होता की आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा. पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. १९२९ चा मुंबईचा कायदा झाला तो मात्र सगळा भार त्या-त्या गिरणीमालकावर टाकून. म्हणजे ज्या गिरणीत बायका जास्त, तिचा खर्च जास्त. पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांत बायकांचं प्रमाण घटत गेलं. रात्रपाळीची बंदी, यंत्रांची फेरमांडणी आणि हा प्रसूतीचा खर्च ही तिन्ही कारणं अभ्यासक सांगतात. लाभ चांगला होता. तो एकेकट्या मालकाच्या पेटीत टाकला ही त्याची दुखरी बाजू.

आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल सादर केला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. तिथे प्रसूतिलाभ एकाच मोठ्या निधीतून जातो. कारखान्यात बायका किती आहेत यावर मालकाची वर्गणी ठरत नाही. ती पगाराच्या टक्क्यांवर ठरते. आज ती मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के आहे. २०१७ मध्ये भारतात प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली तेव्हा ईएसआयच्या बाहेरच्या स्त्रियांचा पगार पुन्हा एकेकट्या मालकाकडेच आला, आणि मालक बायकांना कामावर घेणं टाळतील ही १९२९ चीच भीती पुन्हा ऐकू येऊ लागली.

भार मालकावर टाकला म्हणजे तो मालकाच्याच खिशातून जातो असंही नाही. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रूबर यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एका बदलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या काही राज्यांनी सत्तरच्या दशकात नोकरीतल्या आरोग्यविम्यात बाळंतपणाचा समावेश सक्तीचा केला होता. ग्रूबर यांना आढळलं की ज्यांना या लाभाचा उपयोग होणार होता त्या वयाच्या विवाहित स्त्रियांचे आणि त्यांच्या नवऱ्यांचे पगार साधारण त्या खर्चाइतके मागे पडले. पगारपत्रकावर मालकाचा हिस्सा वेगळा लिहिलेला असतो. पण तो कामगाराच्या न मिळालेल्या पगारवाढीतून येऊ शकतो. १९११ चे मालकाचे ३ पेन्सही असेच असणार, अशी शंका तेव्हाही घेतली गेली होती.

ब्रिटनमध्ये या सगळ्याचा निकाल लागला तो दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यावर. विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल १ डिसेंबर १९४२ ला आला. सारखी सक्तीची वर्गणी घेऊन वेगवेगळे लाभ देणं अन्यायाचं आहे, हे त्यांनी मांडलं आणि सोसायट्यांची व्यवस्था गुंडाळायला सांगितलं. ५ जुलै १९४८ ला आरोग्यमंत्री अ‍ॅन्युरिन बेव्हन यांची नॅशनल हेल्थ सर्व्हिस (एनएचएस) सुरू झाली. पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून, आणि पेटी एकच. खाणकामगाराच्या बायकोला आयुष्यात पहिल्यांदा हक्काचा डॉक्टर मिळाला. पहिल्या वर्षातच ५० लाखांहून जास्त चष्मे गेले. बायकांच्या दाव्यांबाबत १९१४ ला जे दिसलं होतं, तेच आता सगळ्या देशाच्या डोळ्यांबाबत आणि दातांबाबत दिसलं. खर्च अंदाजाबाहेर गेला, १९५१ मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसलं, आणि त्या वादात बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं.

हप्ताच नसेल तर लाभाची किंमत जाते कुठे? या प्रश्नाचं उत्तर आजच्या ब्रिटनमध्ये शोधता येतं. १९९९ मध्ये स्थापन झालेली नाइस ही संस्था नवी औषधं तपासते. तिने शिफारस केली की एनएचएसला ते औषध साधारण तीन महिन्यांत उपलब्ध करून द्यावंच लागतं. हा आजच्या काळातला सक्तीचा लाभ. त्यासाठी नाइसने बराच काळ निकष ठेवला तो असा, की चांगल्या तब्येतीच्या एका वर्षामागे २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च चालेल. यॉर्क विद्यापीठातल्या कार्ल क्लॅक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये वेगळाच हिशेब मांडला. एनएचएसच्या चालू खर्चात तसंच एक वर्ष सुमारे १३ हजार पौंडांत मिळतं, असं त्यांचं गणित होतं. म्हणजे ३० हजारांचं औषध सक्तीचं केलं आणि एकूण निधी तेवढाच ठेवला, तर ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत अशा इतर रुग्णांच्या निरोगी आयुष्याची दोनाहून जास्त वर्षं त्यात जातात. नवं औषध मिळालेल्याचा फोटो छापून येतो. रांगेत मागे गेलेल्याचा येत नाही. इंग्लंडमधली नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर पोचली होती. ही रांग म्हणजे वेळेच्या रूपाने भरलेला हप्ताच आहे, आणि मजुरीवर जगणाऱ्याला तो सर्वांत जड जातो.

रांग चुकवायची म्हणून खासगी विमा घेणाऱ्यांचं जग अगदी उलट्या टोकाला आहे. तिथे लाभांची सक्तीची यादी नाही. अचानक उद्भवलेलं आणि उपचाराने बरं होणारं दुखणं कंपन्या घेतात. मधुमेह, दमा यांसारखे जन्माचे सोबती बहुतेक पॉलिसी घेत नाहीत, नेहमीचं बाळंतपणही नाही. गेल्या पाच वर्षांत जे दुखणं झालं असेल ते वगळायचं, आणि पॉलिसी घेतल्यावर सलग दोन वर्षं त्याचा त्रास झाला नाही तरच पुन्हा विचारात घ्यायचं, ही तिथली सर्रास पद्धत. वय वाढतं तसा हप्ता चढतो. वर सरकारचा विमाकर, १९९४ मध्ये अडीच टक्क्यांनी सुरू झालेला, २०१७ पासून १२ टक्के. स्त्री-पुरुषांचे दर वेगळे ठेवायला मात्र डिसेंबर २०१२ पासून मनाई आहे. आपल्याकडे कायद्याने जास्त हात घातला आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्या असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, आणि आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा २०२४ मध्ये चार वर्षांवरून तीनवर आली. ब्रिटिश खासगी विम्यात अशी सक्ती नाही ती मागे एनएचएस उभी आहे म्हणून. भारतात मागे तसं कुणी उभं नसताना तीच मोकळीक कंपन्यांना देणं मला क्रूर वाटतं.

त्या खासगी विम्यातही एक जागा अशी आहे जिथे जुने आजार सहज घेतले जातात: मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक विमा. हजारो माणसं एकदम आत येतात, आजार पाहून कुणी आलेलं नसतं, म्हणून पूर्वीच्या दुखण्यांची चौकशीच न करणं कंपनीला परवडतं. विमा तोच, आजार तेच, फक्त पेटी रुंद झालेली.

ब्रिटनमध्ये जाणाऱ्या मराठी कुटुंबाची सक्तीच्या हप्त्याशी गाठ पडते ती व्हिसाचा अर्ज भरतानाच. सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम. एप्रिल २०१५ मध्ये तो माणशी वर्षाला २०० पौंड होता. २०१९ मध्ये ४००, २०२० मध्ये ६२४ आणि ६ फेब्रुवारी २०२४ पासून १,०३५ झाला; विद्यार्थी आणि अठरा वर्षांखालील मुलांना ७७६. पुण्याहून तीन वर्षांच्या कामाच्या व्हिसावर निघालेल्या नवरा-बायको आणि दोन मुलांना विमानात बसण्याआधी १०,८६६ पौंड भरावे लागतात. २०१५ च्या दराने ते २,४०० झाले असते. नोकरी सुरू झाली की कर आणि नॅशनल इन्शुरन्सही इतरांइतकाच कापला जातो.

या नऊ वर्षांत लाभांची यादी वाढली का? नाही. २०१७ पासून इंग्लंडमध्ये सरचार्ज भरणाऱ्यांना वंध्यत्वावरचे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार मोफत मिळेनासे झाले. दाताचे आणि इंग्लंडमधल्या औषधचिठ्ठीचे पैसे वेगळे द्यावे लागतातच. सरासरी खर्चाचा नवा हिशेब हे कारण सरकार देतं. पण २०२३ च्या जुलैमध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी ताजी वाढ जाहीर केली तीच मुळी सरकारी नोकरांच्या पगारवाढीसाठी पैसा उभा करण्याच्या संदर्भात. ज्याला मत नाही त्याचा हप्ता वाढवणं सोपं असतं. आवाज असला की काय होतं, हेही याच सरचार्जने दाखवलं. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची बापिओ ही संघटना आणि इतरांनी लावून धरल्यावर, करोनाच्या लाटेत मे २०२० मध्ये आरोग्यसेवेत आणि शुश्रूषेत काम करणाऱ्यांना तो माफ झाला. जळगावची नर्स सुटली. तिच्याच गल्लीतल्या संगणक अभियंत्याला तो भरावा लागतो.

आणि सुट्टीला मुलाकडे येणारे आई-वडील? पर्यटक व्हिसावर सरचार्ज नाही, त्यामुळे लाभही नाही. अपघात विभागात पहिला उपचार मोफत होतो, पण तिथून वॉर्डात दाखल केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. प्रवासविमा घ्यायचा तर सत्तरीच्या माणसाचा हप्ता वयाने वाढलेला, आणि रक्तदाब, साखर, हृदयाची जुनी शस्त्रक्रिया यांपैकी जे लागण्याची शक्यता तेच पुष्कळदा वगळलेलं. ५०० पौंडांहून जास्त बिल दोन महिने थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो, म्हणून आई-वडिलांना बोलावताना पॉलिसीतलं वगळलेल्या आजारांचं पान आधी वाचावं, हप्त्याचा आकडा नंतर.